खोबरेल, तुरटी आणि निळा कागद: अल्बमच्या कव्हराबद्दल वाचकांचे प्रश्न

गाण्याच्या अल्बमसाठी हातानं कव्हर करताना आलेल्या अडचणी आम्ही कळवायला सांगितल्या होत्या. ज्या पत्रांत नेमकं काय बिघडलं ते लिहिलं होतं, ती आधी घेतली आहेत. ‘काहीतरी हटके सुचवा’ एवढंच लिहिणाऱ्यांना उत्तर देणं अवघड; हटके काय ते शेवटी कागद आणि शाई मिळूनच ठरवतात.

आमच्या भजनी मंडळाच्या अल्बमसाठी लिनोकट केला, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून ठसा काढला: एकतारी, चिपळ्या आणि खाली मंडळाचं नाव. दहा प्रती काढल्या. अकरा दिवस झाले तरी शाई वाळत नाही, बोट लावलं की काळं. शाई फार घट्ट होती म्हणून तीत थोडं खोबरेल घातलं होतं. पावसाळी हवेमुळे असं होतं का? (चिपळूण)

पावसाचा दोष थोडा, खोबरेलाचा फार. ठशाच्या तेलकट शाईतलं तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होत जातं. जवसाचं तेल असं वाळणारं आहे, म्हणून शाया आणि तैलरंग त्यात घोटतात. खोबरेल मात्र न वाळणारं तेल. ते शाईत मिसळलं की तेवढा भाग कायमचा ओला राहतो. अकरा काय, एकशे अकरा दिवस थांबलात तरी बोट काळं होणारच. शाई सैल करायची तर उकळलेलं जवसाचं तेल, तेही थेंबानं मोजून. बहुतेक वेळा त्याचीही गरज पडत नाही. डब्यातली शाई काचेवर घ्या आणि पत्र्याच्या पट्टीनं पाचेक मिनिटं मळा. ती आपणहून नरम येते.

दमट हवेत वाळायला वेळ लागतो हे खरं. छापखान्याच्या सामानाच्या दुकानात कोबाल्ट ड्रायर मिळतो. १०० ग्रॅम शाईला १ ते २ ग्रॅम पुरे. जास्त घातलात तर काम संपायच्या आत काचेवरच साय धरते. कागद आर्ट पेपर नको, त्याच्या गुळगुळीत थरात शाई मुरत नाही. १५० ते २०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम भरणारा) साधा कार्ट्रिज पेपर घ्या. आणि शाईचा थर पातळ ठेवा. काचेवर रोलर फिरताना बारीक, कोरडी चुरचुर ऐकू आली पाहिजे. चपचप असा ओला आवाज येत असेल तर शाई जास्त आहे, थोडी काढून घ्या. पहिल्या दोन-तीन प्रती फिक्या येतातच, लिनो तोपर्यंत शाई पीत असतो. त्या पाहून घाबरून जाडसर शाई लावली की चौथ्या प्रतीपासून बारीक रेषा बुजायला लागतात.

हातातल्या दहा प्रतींचं काय? मऊ ब्रशनं टाल्कम पावडर फिरवून झटकून टाका, चिकटपणा बराच जातो. काळा रंग थोडा राखाडी पडतो आणि कागदाला चार दिवस पावडरीचा वास येतो, एवढंच. अल्बम फक्त ऑनलाइन यायचा असेल तर यातली सर्वांत चांगली प्रत फोटो काढून वापरा. ती स्कॅनरच्या काचेवर उलटी ठेवू नका. आणखी एक: ठसा आणि रोलर दोन्ही रॉकेलनं पुसून, कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसल्याशिवाय पुढची शाई लावू नका. रोलरवर उरलेलं खोबरेल नव्या शाईलाही तोच आजार लावेल.

लिनोत नाव कोरताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. ‘ब’, ‘क’ यांच्या पोकळ्या शाईनं भरतात आणि अनुस्वार तुटून पडतात. शिवाय एकदा अख्खं नाव सुलट कोरून बसलो, ते उलटं छापलं गेलं. त्यापेक्षा चित्र लिनोत आणि नाव संगणकावरून, असं करावं का? (नाशिक)

करू नये, असं आमचं मत. कोरलेल्या चित्रावर संगणकातलं तयार अक्षर बसवलं की दोघं एका घरची वाटत नाहीत. चित्राच्या कडेला सुरीचा हात दिसतो आणि शेजारी अक्षराची कड मात्र काचेसारखी साफ. मराठी वाचकाला तर हे पटकन कळतं. कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची नावं वर्तमानपत्राच्या जाहिरातींत पाहतच आपली एक पिढी वाढली. तिथे अक्षर हेच चित्र असायचं. अमेरिकेत १९४० च्या आसपास ॲलेक्स स्टाइनवाइस यांनी कोलंबिया कंपनीसाठी रेकॉर्डच्या अल्बमांवर पहिल्यांदा चित्रं आणली. तोपर्यंत बहुतेक अल्बम साध्या, पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारख्या वेष्टनात मिळत. त्यांच्या कामातही हातानं काढलेलं अक्षर चित्राच्या बरोबरीनं उभं असतं.

उलट-सुलटचा घोळ टाळायला नाव सुलट लिहा, त्याची लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स काढा आणि ती पालथी लिनोवर ठेवा. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोननं कापसाचा बोळा ओला करा, पिळा, पाठीवरून दाबत फिरवा. टोनर लिनोवर उतरतो आणि उलटाच उतरतो. छापल्यावर नाव सुलट येतं. इंकजेटची प्रिंट यासाठी चालत नाही. कोरायला बसण्याआधी ठसा आरशासमोर धरा. नाव आरशात नीट वाचता आलं तरच सुरी उचला.

आता पोकळ्या. ‘ब’ च्या पोटात तिरकी रेघ असते, त्यामुळे एका पोकळीच्या दोन होतात आणि दोन्ही चिमुकल्या. अक्षराची उंची २५ मिमीपेक्षा कमी असेल तर त्या भरणारच. दोन उपाय. एक, पोकळी डोळ्याला जरा जास्तच मोठी वाटेल इतकी उघडा. शाईनं कडा फुगल्या की ती बरोबर दिसते. दुसरा, पोकळी खोल करण्याच्या मागे लागू नका. लिनो तीन मिमीच्या आसपास जाड असतो, त्यात दीड मिमी खोली भरपूर झाली. त्याहून खाली गेलात तर तळाचं तागाचं कापड लागतं आणि त्याचे धागे शाई धरतात.

अनुस्वार तुटतो तो आकारामुळे नाही, कोरण्याच्या कोनामुळे. सुरी सरळ उभी किंवा आत कललेली धरली की टिंबाच्या खालचा भाग पोखरला जातो आणि ते काठीवरच्या मडक्यासारखं उभं राहतं. रोलरच्या तिसऱ्या-चौथ्या फेरीत ते गेलंच म्हणून समजा. सुरी बाहेरच्या बाजूला कलती ठेवा. टिंबाचा पाया माथ्यापेक्षा रुंद, मुरमुऱ्याच्या ढिगासारखा आला पाहिजे. माथा किमान अडीच मिमीचा ठेवा. तुटलंच तर इन्स्टंट गोंदानं चिकटवता येतं, पण कागदावर ते पुढे थोडं फिकंच उमटतं.

शिरोरेषा शेवटी कोरा. ती पक्की आहे तोवर सगळी अक्षरं एकमेकांना धरून राहतात. लिनो थंडीत कडक झाला असेल तर दहा मिनिटं उन्हात ठेवा किंवा कापड घालून कोमट इस्त्री फिरवा. फरशीच्या दुकानात लिनो म्हणून बहुतेकदा विनाइल देतात. खऱ्या लिनोला जवसाच्या तेलाचा वास येतो, हीच ओळख.

स्कॅन किती डीपीआयवर (इंचाला किती ठिपक्यांवर) करू? (डोंबिवली)

३००० ला मूळ चित्राच्या इंचांतल्या बाजूनं भागा. ऑनलाइन सेवांसाठी ३००० × ३००० पिक्सेलचं चौरस चित्र, एसआरजीबी रंगात, जेपीजी किंवा पीएनजी असं ठेवलंत की सगळीकडे चालतं. मूळ चित्र १० इंचांचं असेल तर ३००, ५ इंचांचं असेल तर ६००. एलपीचं पाकीट साधारण ३१५ मिमी चौरस असतं. त्याच्या छपाईला ३०० डीपीआयनं सुमारे ३७२० पिक्सेल आणि चारी बाजूंना ३ मिमी जास्तीचं चित्र लागतं. म्हणून एलपी काढायचा बेत असेल तर पहिल्याच दिवशी तेवढं मोठं स्कॅन करून ठेवा. सीडीची पुस्तिका १२० मिमीची असते, ती यातून सहज निघते. ऑनलाइन कव्हरावर वेबसाइटचा पत्ता, किंमत, समाजमाध्यमांची चिन्हं घालू नका. ती फाइल परत येते.

पातळ, सपाट मल्टिफंक्शन प्रिंटरमधला स्कॅनर बहुधा सीआयएस जातीचा असतो. काचेला टेकलेलं तेवढंच त्याला स्पष्ट दिसतं. हातकागदाच्या सुरकुत्या, चिकटवलेला दोरा, जाड रंग यांत दोन-तीन मिमी वर असलेली प्रत्येक गोष्ट धूसर येते. अशा कामाचा फोटो काढा: चित्र भिंतीला सपाट, कॅमेरा अगदी समांतर, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर एकसारखे दोन दिवे, आयएसओ १००, एफ/८. कागदाचा पोत दाखवायचा असेल तर एक दिवा बंद करा आणि दुसरा जवळजवळ भिंतीला चिकटवून कडेनं टाका. नंतर कागदाचा पिवळसरपणा घालवून तो शुभ्र करू नका. हातानं केल्याची निम्मी खूण तिथेच असते.

सायनोटाइपसाठी, म्हणजे कागदाला रसायन लावून उन्हात उठवायच्या निळ्या ठशासाठी, दोन रसायनं आणली. मिसळताक्षणीच द्रावण गडद निळं झालं, उन्हात न्यायच्या आधीच! दुसऱ्या दुकानातून पुन्हा आणली, तेव्हा चित्र उठलं पण धुताना निम्मं वाहून गेलं. मला तंबोऱ्याच्या तारांची सावली हवी आहे. कागद हातकागद, पाणी बोअरचं. (मिरज)

पहिल्या खेपेला दुकानदारानं तुम्हाला चुकीचं मीठ दिलं. तुम्हाला हवं असतं पोटॅशियम फेरिसायनाइड, त्याचे खडे माणकासारखे तांबडे-नारिंगी असतात. पोटॅशियम फेरोसायनाइडचे खडे लिंबासारखे पिवळे. नावात एका अक्षराचा फरक, पण फेरोसायनाइड लोहाच्या द्रावणाला भेटताच बाटलीतच प्रशियन निळा, म्हणजे ठशाचाच निळा रंग, तयार होतो, उन्हाची वाट पाहत नाही. खरेदी करताना नाव वाचा आणि रंगही पाहा.

प्रमाण जुनंच आहे. जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही पद्धत काढली आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्रशैवालाच्या ठशांचं काम तिच्यात सुरू केलं. आज वापरात असलेलं द्रावण असं: पहिल्या बाटलीत १०० मिलि ऊर्ध्वपातित पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत १०० मिलि पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही तपकिरी बाटल्यांत वेगवेगळी ठेवायची आणि लागेल तेवढीच समसमान मिसळायची. एलपीच्या आकाराच्या कागदाला मिळून ५ मिलिच्या आसपास लागतं, हातकागद तहानलेला असेल तर थोडं जास्त. ब्रशला लोखंडी कडी नको, तिच्यामुळे निळे ठिपके पडतात. साध्या पिवळ्या मंद दिव्याखाली लावा आणि अंधारात वाळवा. हातमोजे घाला, ही भांडी स्वयंपाकघरात परत नेऊ नका आणि फेरिसायनाइडजवळ तीव्र आम्ल येऊ देऊ नका. त्यातून विषारी वायू निघतो.

आता वाहून जाण्याचं. कारणं तीन, आणि तुमच्याकडे बहुधा तिन्ही आहेत.

पहिलं, ऊन कमी पडलं. उन्हात कागद पिवळसर हिरव्याचा निळा होतो आणि निळा दिसला की बहुतेक जण तो उचलतात. थांबा. निळ्याच्या पुढे जाऊन तो करडा, पितळी झाक असलेला, जरा मळकट दिसायला लागतो. तेव्हा पुरेसं ऊन मिळालेलं असतं. एप्रिलच्या दुपारी याला पाच-सात मिनिटं लागतील, ढगाळ दिवशी तिप्पट. एक पट्टी घ्या, पुठ्ठ्यानं झाका आणि दोन-दोन मिनिटांनी पुठ्ठा सरकवत जा. धुतल्यावर कोणता तुकडा टिकतो ते पाहून वेळ ठरवा. घड्याळ विकत मिळतं, तुमच्या गच्चीवरचं ऊन मिळत नाही.

दुसरं, कागद. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. दहा सेकंदांत तो आत गेला तर कागदाला खळ कमी आहे. रसायन तंतूंच्या आत उतरतं, तिथे ऊन पोहोचत नाही आणि धुताना ते सगळं निघून जातं. अर्धा लिटर पाण्यात १० ग्रॅम आरारूटची पातळ पेज शिजवा, कोमट असताना रुंद ब्रशनं लावा आणि वाळवून मग रसायन लावा. दुसऱ्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर कागदात खडू आहे, तो या कामाला नको, कारण प्रशियन निळ्याचं क्षाराशी वैर आहे. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी सुती चिंध्यांचा कागद मिळतो. घेताना ‘खडू नसलेला, खळ दिलेला’ असं स्पष्ट विचारा आणि अख्खा गठ्ठा घेण्याआधी एकच ताव घेऊन थेंबाची चाचणी करा.

तिसरं, बोअरचं पाणी. त्यातला क्षारही निळा रंग फिका करतो. पहिल्या धुण्याच्या पाण्यात लिटरला दोन चिमटी सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूफूल, घाला. नंतर साध्या पाण्यात पाच ते दहा मिनिटं, पांढऱ्या भागातली पिवळी झाक जाईपर्यंत. निळा लगेच गडद पाहायचा असेल तर शेवटच्या पाण्यात औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड चमचाभर. घाई नसेल तर एका दिवसात हवेनंही तेच होतं. वाळलेला ठसा पुढे कधी साबणानं किंवा सोड्यानं पुसू नका.

तारांची सावली मात्र सुंदर येईल, आणि मिरजेत तुटक्या तारांना काय तोटा! पोलादी तार लेप दिलेल्या कागदावर थेट ठेवू नका. दमटपणा असेल तर तिच्याखाली ठिपके उमटतात. मध्ये पारदर्शक ओएचपी फिल्म घाला आणि वरून काच दाबा. तार कागदापासून जितकी वर, तितकी सावलीची कड मऊ. हे दोष म्हणून न पाहता वापरून घ्या: चार तारांपैकी तीन काचेखाली घट्ट दाबा आणि खर्जाची एक, दोन्ही टोकांना काडेपेटीच्या काड्या देऊन, थोडी वर ठेवा. तीन रेघा कापल्यासारख्या आणि चौथी झणकारत असल्यासारखी येते.

ओएचपीवर नाव छापून त्याचाही ठसा घेणार असाल तर शाईची बाजू खाली कागदाला टेकली पाहिजे, म्हणून फिल्मवर नाव उलटं छापून घ्या. छापखान्यात हा निळा जांभळट होतो. प्रूफ मागा, मजेंटा कमी करायला सांगा आणि मूळ कागद शेजारी ठेवून पाहा.

अबरीचा कागद (तरंगत्या रंगांची नक्षी उतरवलेला) घरी करून कव्हराला वापरायचा आहे. ट्रेमध्ये रंग टाकले की निम्मे तळाला जातात. जे तरंगतात ते कागदावर उतरतात, पण नळाखाली धरलं की वाहून जातात. (सोलापूर)

तुमचा प्रश्न योग्य गावाजवळून आला. शेजारच्या विजापुरात १७ व्या शतकात दरबारी चित्रकारांनी अबरीनं घोडे आणि स्वार रंगवले. ढगाळ नक्षीचे आकार आणि सोबत बारीक रेषा, असं ते काम. खातेवह्यांच्या बांधणीपुरती अबरी राहिली ती नंतर.

वाहून जाण्याचं उत्तर सोपं: तुरटी. २५० मिलि कोमट पाण्यात १५ ग्रॅम तुरटी विरघळवा, स्पंजनं कागदाच्या एका बाजूला समान लावा, वाळवा, वजनाखाली सपाट करा आणि आठवड्याच्या आत वापरा. ज्या बाजूला लावली तिच्यावर पेन्सिलनं फुली मारा, नाहीतर अर्ध्या कागदांची कोरडी बाजूच रंगात पडेल. तुरटी आम्लधर्मी असल्यानं असा कागद काही वर्षांनी पिवळा पडतो. स्कॅन करून वापरायचा असेल तर त्यानं काही बिघडत नाही.

रंग बुडतात ते दाट असल्यामुळे किंवा पाण्यावर साय आल्यामुळे. ट्रेमध्ये साधं पाणी चालत नाही. लिटरला ६-७ ग्रॅम कॅराजीनन, म्हणजे समुद्रशैवालाची भुकटी, मिक्सरमध्ये फिरवा आणि रात्रभर राहू द्या. बुडबुडे गेले पाहिजेत. सोलापूरच्या उन्हाळ्यात ते दुसऱ्या दिवशी पातळ होऊन आंबतं, म्हणून पहाटे काम करा. पाणी जड असेल तर आरओचं घ्या. ॲक्रिलिक रंग दुधाइतका पातळ करा. प्रत्येक वेळी रंग टाकण्याआधी वर्तमानपत्राची पट्टी पृष्ठभागावरून ओढून साय काढा. ही पट्टी ओढायचा कंटाळा केलात की रंगाचा थेंब पसरण्याऐवजी गोळी होऊन खाली जातो. रंग पसरावा म्हणून भांड्यांचा साबण घालू नका. एक थेंब जास्त झाला की अख्खा ट्रे फुकट जातो. कागद एका कोपऱ्यापासून तिरका टेकवत न्या. मध्ये थांबलात तर तिथे पांढरी रेघ उमटते.

कव्हरासाठी एक सूचना. अबरीची नक्षी फोनवर नखाएवढी झाली की नुसता चिखल दिसतो. अख्खा ताव वापरू नका. विजापूरकरांसारखी नक्षी एका आकारापुरतीच ठेवा: एखादा आकार कापा, तंबोऱ्याचा भोपळा म्हणा, आणि तो सपाट रंगाच्या कागदावर डकवा.

जुन्या वर्तमानपत्रांतली चित्रं कापून कोलाज केलं. स्कॅनमध्ये जाळीदार लाटा येतात, कागद चुरगळला आहे, आणि आता कोणी म्हणतं हक्काचा प्रश्न येईल. (दादर)

लाटा येतात कारण वर्तमानपत्राचा फोटो आधीच ठिपक्यांचा असतो आणि स्कॅनरची जाळी त्यावर पडते. स्कॅनरमध्ये ‘डीस्क्रीन’ पर्याय असेल तर चालू करा. नसेल तर १२०० डीपीआयवर घ्या, किंचित धूसर करा आणि मग लहान करा. ठिपकेच हवे असतील तर उलट करा: १२०० वर घेऊन इतकं मोठं कापा की प्रत्येक ठिपका डोळ्याला स्वतंत्र दिसेल.

चुरगळला तो पाणी घातलेल्या फेविकॉलमुळे. वर्तमानपत्राचा कागद ओला झाला की एकाच दिशेनं फुगतो. ग्लू स्टिक वापरा किंवा बाइंडरसारखी मैद्याची घट्ट खळ करा, किडीसाठी तीत चिमूटभर मोरचूद टाका. पण मग ती खळ मुलांच्या आणि मांजराच्या हाती लागू देऊ नका.

हक्काचं म्हणाल तर भारतीय कायद्यात रेखाचित्राचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कात्रीनं कापल्यानं हक्क कापला जात नाही. विकायच्या अल्बमवर हक्क न संपलेली चित्रं वापरायची तर परवानगी घ्या. नाहीतर फक्त कागदाचा रंग, मजकुराचे पोत आणि फाटक्या कडा वापरा, चेहरे स्वतः काढा. बहुतेक वेळा कोलाज त्यानं सुधारतंच.

लोकसंगीताच्या अल्बमवर वारली चित्र काढावं म्हणतो. तारप्याची गोल रांग, मध्ये रेकॉर्डचं भोक. (ठाणे)

ही कल्पना इतकी वापरून झाली आहे की आता ती दिसतही नाही. गेरूवर तांदळाच्या पिठाच्या आणि डिंकाच्या पांढऱ्यानं, बांबूच्या काडीचं टोक चावून केलेल्या कुंच्यानं काढलेली रेघ आणि पांढऱ्या मार्करची रेघ यांत फरक आहे. काडीची रेघ मध्येच कोरडी पडते आणि पुन्हा भरते, मार्करची नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. डहाणू, पालघरकडे काम करणारे चित्रकार आहेत. अल्बमातलं एक गाणं त्यांना ऐकवा, त्यांच्याकडून चित्र काढून घ्या, मानधन द्या आणि नाव पुढच्याच पानावर छापा. लग्नचौक सजावट म्हणून मागू नका; तो लग्नाच्या विधीचा भाग आहे.

कॅसेटच्या शंभर प्रती काढतोय. कार्ड लिनोत कोरलं आहे, पण शंभर प्रती चमच्यानं घासून काढणं शक्य नाही. गावात लग्नपत्रिका छापणारं जुनं ट्रेडल मशीन आहे. त्यावर लिनो छापता येईल का? (कराड)

येईल, आणि सुरेख येईल. अट एकच: उंची. खिळ्याची, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षराची, उंची ०.९१८ इंच, म्हणजे २३.३ मिमी असते आणि मशीनचे रोलर त्याच उंचीला लावलेले असतात. लिनो साधारण ३.२ मिमी, म्हणजे त्याखाली २०.१ मिमी हवेत. १८ मिमीचा प्लाय आणि दोन मिमीचा पुठ्ठा हे जवळपास जमतं. पण १८ चा प्लाय बऱ्याचदा साडेसतरा भरतो, त्यामुळे व्हर्नियरनं मोजा आणि उरलेलं पातळ कागदानं भरा. ठसा उंच राहिला तर रोलर त्याच्या कडांना शाई फासतात आणि कोरलेल्या भागातही उतरतात. बुटका राहिला तर मधला भाग छापलाच जात नाही. जुन्या माणसांना हे सांगावं लागत नाही, ते चेसमध्ये (मशीनच्या लोखंडी चौकटीत) ठसा आवळून वर बोट फिरवतात आणि कुठे कमी आहे ते सांगतात.

कार्डाचं माप: पुढचा भाग ६५ मिमी, कणा १३, मागची पट्टी १६, उंची १०१. कापणीसाठी चारी बाजूंना ३ मिमी जास्त ठेवा. कण्यावरचं नाव ८ मिमीपेक्षा उंच करू नका. पहिलं प्रूफ काढा, फिका पडलेला भाग पेन्सिलनं घेरा आणि तेवढ्याच आकाराचा टिश्यू मशीनच्या गादीखाली चिकटवा. पूर्ण काळा भरीव भाग ट्रेडलला जड जातो, त्यात पांढऱ्या रेघा जितक्या जास्त तितकं बरं. शंभर प्रती हव्या असतील तर ११५ ताव द्या. दोन रंग असतील तर १२५, आणि दोन्हींच्या मध्ये किमान एक रात्र.

नंबर घालायचे असतील तर पावतीपुस्तकाला लावतात तो नंबरिंगचा डबा त्याच फर्म्यात, म्हणजे ठशाशेजारी त्याच चौकटीत, बसतो. त्याचीही उंची खिळ्याएवढीच असते. १ ते १०० आकडे मशीन आपोआप घालतं.

कार्ड २५० ते ३०० जीएसएमचं घ्या. घड्या कागदाच्या धाग्याला समांतर हव्यात, आडव्या धाग्यावर घडी फुटते आणि काळ्या शाईतून पांढरा कागद दिसतो. धागा ओळखायला एक तुकडा ओला करा. तो ज्या अक्षाभोवती गोल वळतो ती धाग्याची दिशा. क्रीझिंग, म्हणजे घडीची रेघ दाबून घेणं, त्याच मशीनवर होतं. क्रीझिंगनंतर कागदाला एका बाजूनं उंचवटा येतो, तो घडीच्या आत गेला पाहिजे. बाहेर ठेवलात तर कार्ड डबीत बसत नाही.